लालगळ्या आणि सात डिग्री

दिवाळीचे पाहुणे परत गेले, त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी माझ्या उसाच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला, एक पाखरू दिसलं. चिमणीहून जरा मोठं. अंग मातकट, डोळ्यावर पांढरी भुवई, शेपूट वर उचललेलं आणि गळा लाल. कुंकवाचा लाल पहाटेच्या उजेडात काळपट दिसतो. हा तसा नव्हता. हा फुंकर मारलेल्या निखाऱ्यासारखा होता. पाखरानं पाचटावर दोन उड्या मारल्या, माझ्याकडं बघितलं आणि सरीत शिरलं.

मी म्हशीला गवत कापायला गेलो होतो. गवत न कापताच घरी आलो आणि बायकोला सांगितलं, आसामातलं पाखरू आपल्या उसात आलंय. ती म्हणाली, म्हस उपाशी हाय.

माझं शिक्षण चौथी. पुढची शाळा तीन मैलांवर होती आणि मास्तर मारकुटा होता, म्हणून गेलो नाही. पुढं पलटणीत भरती झालो आणि नायक होऊन पेन्शनीत आलो. येरळेच्या काठाला आमचं गाव. बाजार विट्याला, दवाखाना सांगलीला आणि पेन्शनीचं काही अडलं तर सातारा. एवढ्यात आता आयुष्य बसतं. पण ऐन उमेदीतली तीन वर्षं मी आसामात होतो. तिथं आमच्या लंगरच्या मागं बोरूचं रान होतं आणि भांडी धुतलेल्या पाण्याच्या नाल्यावर थंडीत रोज सकाळी हे लाल गळ्याचं पाखरू यायचं. तिथल्या धोब्यानं त्याचं नाव सांगितलं होतं. ते विसरलो. मी लालगळ्या म्हणतो.

गावाला आसाम सांगून मला तीस वर्षं झाली. तिथली नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही, असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या धाकट्या भावानं चार माणसांत विचारलं, "मग दादा, तुमी पलीकडं गेला कसं?" मी म्हणालो, बोटीनं. सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून असंच चालत आलं. मी काही सांगितलं की समोर माना हलवायच्या आणि पाठ फिरली की हसायचं. माझ्या बाजूनं बोलायला आसामातून कुणी येणार नव्हतं. आता आलं होतं, आणि माझ्याच उसात उतरलं होतं.

संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो तेव्हा हे सांगितलं. आमच्या भागातली पुष्कळ माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात आणि दिवाळीला गावी येतात. तसा एक गलाईवाला तिथं बाकावर बसला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, रंग घासून बघितला का? लय वेळा वरनं मुलामा असतोय." डेअरीवर दूध घालणारे, मापणारे आणि नुसते बसणारे, सगळे हसले. माझा भाऊही हसला. मी दूध घालून घरी आलो.

माझी लेक सांगलीत विश्रामबागेत राहते. तिच्या शेजारी कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना पाखरांचा नाद आहे. लेकीनं फोन लावून दिला. बाईंनी हसणं-बिसणं काही केलं नाही, थेट प्रश्न विचारले. भुवई पांढरी होती का. गालाला पांढरी रेघ होती का. शेपटीच्या मुळाशी तांबूस होतं का, कारण निळ्या गळ्याचं एक पाखरू आपल्याकडं दर थंडीला येतं आणि त्याच्या शेपटीला तांबूस असतं. मी म्हणालो, तांबूस नव्हतं, आणि निळं मी ओळखतो. मग म्हणाल्या की हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे. हे पाखरू उन्हाळ्यात सैबेरियात असतं आणि थंडीला तिकडं पूर्वेला उतरतं. आपल्याकडं त्याचं काही काम नाही.

मग आलं कसं, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. पाखरांच्या अंगात होकायंत्रासारखं काहीतरी असतं आणि ते पृथ्वीच्या चुंबकावर चालतं. सूर्यावर वादळ उठलं की त्याचा धक्का या चुंबकाला बसतो. त्या दिवसांत जी पाखरं वाटेवर असतात त्यातली काही भलतीकडं जातात, असं अभ्यास करणाऱ्यांना दिसलं आहे. पण सूर्य फारच खवळला तर उलटंही होतं. आतलं यंत्र बंदच पडत असावं, मग पाखरं ताऱ्यांवर आणि खुणांवर चालतात आणि कमी चुकतात.

हे मला लगेच पटलं. पलटणीत ज्याचा कंपास फुटायचा तो वाट विचारत विचारत का होईना, पण बरोबर पोचायचा. ज्याचा कंपास थोडाच बिघडलेला असायचा तो ताठ मानेनं दुसऱ्याच डोंगरावर जाऊन उभा राहायचा.

शेवटी बाई म्हणाल्या, "पण एका पाखरावरून अमुकच झालं असं सांगता येत नाही, आजोबा. वारं असतं, पाखराचं वय असतं, शंभर कारणं असतात." हे मी ऐकलं, पण ठेवून घेतलं नाही. दसऱ्याच्या सुमारास लडाखला आभाळ लाल झाल्याचं सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं होतं, आणि ते सूर्याच्या वादळानं झालं हे बातमीतच सांगितलं होतं. मला अजून कारण नको होतं.

बाईंना रविवारी सुट्टी होती. रविवारी सकाळी येते म्हणाल्या. ऊस थांबवा असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मी ठरवलं.

अडचण अशी की आमची तोड गुरुवारी होती. ज्यांना उसातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याकडून नंबर लागतो, मग टोळी येते आणि एका दिशेनं फड तोडत जाते. नंबर चुकला की टोळी पुढच्या गावाला गेली, परत कधी येईल ते कुणी सांगत नाही. माझा फड रस्त्याकडं आणि भावाचा माझ्या मागं. माझा तुटल्याशिवाय त्याच्या फडात ट्रॉली जात नाही. माझा ऊस थांबला असता, हिरवा होता. भावाचा आधी लावलेला. त्याला तुरा आला होता. तुरा आलेला ऊस रोज आतून पोकळ होत जातो, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं.

बुधवारी सकाळी मी कंपास बाहेर काढला. हा कंपास मी पेन्शनीत येताना पठाणकोटच्या बाजारात घेतला. सरकारी नाही, पण सुई चोख आहे. माझ्या बांधावर खुणेचा दगड आहे. त्यावर उभं राहून डोंगरावरच्या देवळाच्या कळसावर नेम धरला की बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, बरोबर चाळीस डिग्री येतं. दरवर्षी खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा होते. त्यात इळा, कोयता, कुऱ्हाड यांच्याशेजारी कंपासही असतो. पूजा झाली की मी कंपास तेवढा उचलून बांधावर जातो आणि चाळीस बघून येतो. इतक्या वर्षांत चाळीसची एकेचाळीस झाली नाही. यंदाच्या खंडेनवमीलाही चाळीसच होती.

त्या बुधवारी सत्तेचाळीस आली.

मी डोळे पुसले, परत नेम धरला. सत्तेचाळीस. गुरुवारी सेहेचाळीस, शुक्रवारी अठ्ठेचाळीस. पृथ्वीचं चुंबक सात डिग्री सरकलं होतं आणि ही गोष्ट अख्ख्या सांगली जिल्ह्यात फक्त मला माहीत होती. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की वादळाचा धक्का दिवस-दोन दिवस टिकतो आणि सुई हलली तरी इतकी कमी हलते की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सात डिग्री शक्यच नाही. मी म्हणालो, "तुमचं शिक्षण मोठं हाय, पर सुई माझ्या हातात हाय."

डेअरीवर तर बुधवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. गलाईवाला बोटांवर सात मोजत बसला. भाऊ म्हणाला, "मग दादा, देऊळ सरकलं म्हणायचं." परत सगळे हसले.

गुरुवारी टोळी आली तेव्हा मी खुणेच्या दगडावर बसून राहिलो. मुकादम बीडकडचा, सभ्य माणूस. त्याला सांगितलं, रविवारी धरा. तो माझ्याकडं बघून मग भावाकडं बघायला लागला. भावानं आधी समजुतीनं घेतलं. मग आवाज चढवला. मग आवाज एकदम खाली आणला, आणि आमच्यात खाली आणलेल्या आवाजाचाच राग खरा असतो.

"दादा, ऊस तुमचा हाय. पर वाट माझी हाय."

मी म्हणालो, "रविवार."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मुकादमानं मधला मार्ग काढला. तोवर तो गावातलाच दुसरा फड तोडणार होता. रविवारी दहापर्यंत माझ्याकडून होकार आला नाही तर टोळी नदीपलीकडं जाणार होती आणि मग भावाच्या उसाचं सरपणच होणार होतं. हे सगळ्यांसमोर ठरलं. बायकोनं घरी आल्यावर चहा दिला आणि एवढंच विचारलं, "आवं, त्या पाखराला इचारलं का, त्याला रविवारपतुर ऱ्हायाचंय का?"

पाखरू राहिलं. तीन दिवसांत मला ते दोनदा दिसलं, दोन्ही वेळा पहाटे, एकटा असताना. इतर कुणाला घेऊन गेलो की उसात नुसती खसफस. ते लपणारं पाखरू आहे, आसामातही तसंच होतं. पण गावाला हे सांगून उपयोग नव्हता.

रविवारी बाई दुचाकीवरून आल्या. सांगलीहून अंधारात निघाल्या असणार, कारण उजाडताना त्या ओढ्याच्या कडेला पोत्यावर बसलेल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, मांडीवर कॅमेरा. दोन तास त्या हलल्या नाहीत. सेंट्रीला उभ्या केलेल्या जवानांतसुद्धा इतकं स्थिर माणूस मी कमी बघितलं. आठच्या सुमारास एका सरीतून दुसऱ्या सरीत काहीतरी मातकट पळालं, शेपूट वर. त्यांनी दुर्बीण लावली तोवर गेलं.

"पाठ दिसली," त्या म्हणाल्या. "पाठीवरून मला लिहिता येणार नाही. ते निळ्या गळ्याचंही असू शकेल."

मी म्हणालो, निळं नव्हतं. त्या म्हणाल्या, तुमचं खरं असेल, पण मी बघितलेलंच मी लिहू शकते. पलटणीतही रिपोर्ट असाच लिहायचा असतो.

साडेनऊला भाऊ आला. मागोमाग मुकादम आला, हातात कोयता. माझी बायको किटलीत चहा घेऊन आली. टोळीतली माणसं रस्त्यावर ट्रॉलीपाशी बसली होती. भावानं मुकादमाला वेळ विचारली, म्हणजे मला ऐकू जावी म्हणून. तेव्हा मी ठरवलं की पाखरू साक्ष देत नसेल तर सुई देईल.

मी खुणेच्या दगडावर चढलो. कंपास डोळ्यासमोर धरला, कळसावर नेम घेतला आणि मोठ्यानं वाचलं. सत्तेचाळीस. भावाला बोलावलं, वाचायला लावलं. त्यानं वाचलं, सत्तेचाळीस. बाईंनी खिशातला मोबाईल काढला, त्यातही कंपास असतो. त्यांनी माझ्यापासून चार पावलं लांब उभं राहून कळसावर धरला आणि म्हणाल्या, चाळीस. मी म्हणालो, मोबाईल चिनी असेल. त्यांनी परत धरला, परत चाळीस.

बायकोनं किटली खाली ठेवली. दगडापाशी आली आणि माझ्या डाव्या खांद्यावरचा इळा काढून घेतला. गवत कापायला जाताना इळा खांद्यावर अडकवायची माझी जन्माची सवय आहे. तिथं तो आहे हे मला कधी जाणवतच नाही. इळा हातात घेऊन ती दहा पावलं मागं गेली.

"आता बघा," ती म्हणाली.

बघितलं. चाळीस.

"खंडेनवमीला इळा पाटावर असतोय," ती म्हणाली. "तवा तुमचा खांदा मोकळा असतोय."

कंपासचा पहिला धडा एकच असतो. लोखंड लांब ठेवा. रायफल दहा पावलं मागं, हेल्मेट काढून, मगच कंपास उघडायचा. मला हा धडा उस्तादनं पाठीवर छडी मारून शिकवला होता आणि पुढं मी तो कित्येक रिक्रुटांना शिकवला. एकानं कमरेला चाकू ठेवून नेम धरला होता, त्याला मी अख्खं मैदान पळवलं होतं. ते सगळं त्या दगडावर उभं असताना आठवलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मुकादमानं हातातला कोयता हळूच पाठीमागं नेला. बाई म्हणाल्या, असं होतं. त्यांना माझी लाज वाचवायची होती, ते मला कळलं.

मी बरंच काही म्हणू शकत होतो. डोक्यात तीन-चार सबबी तयारही झाल्या. माणूस म्हातारा झाला तरी सबबी ताज्याच सुचतात. पण समोर चाळीसवर उभी असलेली सुई सगळ्यांना दिसत होती.

"सुईचं माझं चुकलं," मी म्हणालो. "इळा खांद्याव हुता. सूर्याचा काय संबंध न्हाई." मग दगडावरून उतरलो. "पाखराचं चुकलं न्हाई. पर ते आता मी कुणाला सांगत न्हाई. तोडा."

मुकादम रस्त्याकडं हाक मारायला वळला. भाऊ जागचा हलला नाही. तो माझ्याकडं असा बघत होता की जणू माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय. आमचं सगळं आयुष्य एका बांधावर गेलं आणि माझं चुकलं असं त्यानं माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. वाटणीच्या वेळीही नाही, आणि तेव्हा माझं बरंच चुकलं होतं.

त्यानं मुकादमाला थांबवलं. "रस्त्याकडनं धरा. वढ्याकडच्या चार सऱ्या ऱ्हाऊ द्या."

मुकादमानं विचारलं, का.

"पाखरू हाय त्यात."

मी भावाला विचारलं, "तू बघितलंस?"

"न्हाई," तो म्हणाला. "पर तुमी चुकलं म्हणाला न्हवं. मग हाय म्हणताय ते असंल."

टोळीनं दुपारपर्यंत माझा फड मोकळा केला. ट्रॉली आत गेली आणि भावाचा ऊस पुढच्या दोन दिवसांत तुटला. हलका भरला, पण सरपण झाला नाही. ओढ्याकडच्या माझ्या चार सऱ्या तेवढ्या उभ्या राहिल्या. मोकळ्या रानात त्या अर्धवट दाढी केल्यासारख्या दिसायच्या. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा आणि भाऊच सांगायचा, मला बोलावं लागायचं नाही.

चारच सऱ्या उरल्यानं पाखराला लपायला जागा कमी झाली. पुढच्या रविवारी बाई परत आल्या आणि सूर्य वर यायच्या आत त्यांना ते समोरून दिसलं, गळ्यासकट. कॅमेऱ्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्या तिथंच पोत्यावर बसून राहिल्या आणि भावानं विचारलं, दिसलं का, तर नुसती मान हलवली. भावालाही तेव्हाच दिसलं. तो म्हणाला, "लाल हाय की." जसं काही मी त्याला कधी दुसरा रंग सांगितला होता.

फोटो माझ्या लेकीच्या मोबाईलवरून डेअरीवाल्याच्या मोबाईलवर आला आणि तिथून सगळीकडं गेला. गलाईवाला तोवर आपल्या दुकानावर परत गेला होता. त्यालाही पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

बाईंनी पाखराची नोंद लिहिली आणि मला वाचून दाखवली. जागा, तारीख, वेळ, पाखराचं इंग्रजी नाव, ते मी परत विसरलो. का आलं, ते त्यात नव्हतं. मी विचारलं, सूर्याचं लिहिलं नाही का. त्या म्हणाल्या, एवढ्या एका पाखराचं मला माहीत नाही, कुणालाच माहीत नसणार. एवढं शिकलेलं माणूस इतक्या सहज माहीत नाही म्हणतं, हे मला आधी आवडलं नाही. नंतर घरी येऊन विचार केला, माझं चुकलं म्हणताना मीही तेच म्हणालो होतो, फक्त त्याला मला पाच दिवस, एक टोळी आणि बायको लागली.

शिमग्याच्या आत पाखरू गेलं. कोणत्या दिवशी गेलं ते कळलं नाही, एक दिवस दिसलं नाही आणि मग दिसलंच नाही. त्याची सुई तोवर जाग्यावर आली असेल नाहीतर तसंच चुकत चुकत कुठं गेलं असेल. चार सऱ्या वाळल्या होत्या, त्या कापून म्हशीला घातल्या. म्हशीनं तोंड वाकडं केलं, पण खाल्लं.

कंपास पेटीत आहे, खंडेनवमीला निघतो. गवताला मात्र मी रोज जातो. खुणेच्या दगडापाशी आलो की खांद्यावरचा इळा काढून दगडावर ठेवतो, मोकळ्या खांद्यानं ओढ्यापर्यंत जातो, जरा वेळ उभा राहतो आणि परत येऊन इळा उचलतो. पाखराला इळ्याचं काही नसतं, हे बाईंनी सांगितलंय. तरी ठेवतो.